धवडावो

तिसऱ्या दिवशी सकाळी इच्छाबेन म्हणाली, "बेन, धवडावो."
मी कऱ्हाडची. बडोद्यात येऊन दोन वर्षं,
गुजराती भाजीवाल्यापुरती.
मला ऐकू आलं, धाव.
टाके ओले, हाताला सुई, पाय परक्याचे,
आणि ही बाई म्हणते धाव.
कुठे?

खिडकीबाहेर रावपुऱ्याच्या गच्च्या माणसांनी वाकलेल्या. उत्तरायण.
त्या दिवशी शहरात खाली कुणीच नव्हतं,
मी होते, आणि अडीच किलोचा एक मुलगा
जो जन्मल्यापासून दीडशे ग्रॅमनं घटला होता.
ते कागदावर लाल पेनानं लिहिलं होतं.

मामेसासूबाई दांडिया बाजारातून आल्या,
पिशवीत संक्रांतीची बोरं, तिळगूळ, मधाची बाटली.
"चाटव बोटभर. आम्ही सगळ्यांना चाटवलाय, मेलं का कुणी?"
पराग खाली जाऊन पावडरच्या डब्याची किंमत विचारून आला.
घेतला नव्हता.
किंमत विचारली, एवढं मला रडायला पुरलं.

इच्छाबेननं बाटलीचं झाकण घट्ट केलं,
बाटली मामींच्याच पिशवीत ठेवली
आणि त्याच पिशवीतून एक बोर काढलं. ते नको. दुसरं. अजून बारीक.
माझ्या तळव्यावर ठेवून म्हणाली,
"एनुं पेट. आटलुंच."
मी बघत राहिले.
एवढ्याशा बोरासाठी
घागर भरत नाही म्हणून मी तीन रात्री जागले होते.

मग ती मुलाचं दुपटं सोडायला लागली.
वरून ओरडा आला, लपेट! लपेट!
"ना," ती छताकडे बघून म्हणाली, "आने नथी लपेटवानो."
टोपडं काढलं, झबलं काढलं, माझी बटणं काढली,
ते उघडं पिल्लू माझ्या छातीवर पालथं घातलं
आणि दोघांवरून शाल ओढली.

पाठीशी उशी. कोपराखाली उशी.
तू वाकू नको, त्याला आण. हे सगळं हातांनी.
माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, "ढील आप."
पतंगाच्या दिवशी हा शब्द कुणालाही कळतो.
त्याचं नाक बोंडासमोर. थांब.
तो हाडावरच लुचला, चिडला, लाल झाला. थांब.
मग जांभईएवढा आ.
तिनं त्याला जवळ लोटलं, मला नाही.

दुखलं. करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून सरकवून
तिनं त्याला सोडवलं, परत लावलं.
चार वेळा.
पाचव्यांदा नुसती ओढ लागली,
ओटीपोटात कुठेतरी कळ उठली, आणि ती म्हणाली, "सांभळ."
सांभाळ?
सांभाळतेच आहे की.
तिनं कानाला बोट लावलं. ऐक, असं होतं ते.

ओढ, ओढ, घोट.
ओढ, ओढ, घोट.

ओठाच्या कडेला पिवळट चीक.
गाय व्यायली की आई खरवस करून आळीभर वाटायची.
हा चीक वाटायचा नव्हता.
मामींनी तोंड फिरवलं, डोळ्यांना पदर लावला,
मग म्हणाल्या, तिळगूळ तरी खा गं तू.

आता सव्वा महिना होईल.
पराग लाइट बिलाच्या मागे रेघा मारतो,
एका बाजूला शू, एका बाजूला शी.
सहा शू झाल्या की कुणाला तरी फोन करतो.
रात्री अडीचला तो तोंड वळवतो, मुठी चोखतो
(रडणं शेवटचं असतं, त्याआधी बघायचं, हेही तिचंच)
आणि पराग झोपेत म्हणतो, "धवडाव."
जन्म बडोद्याचा, त्याला हा शब्द मराठीच वाटतो.
मी बसते. वाकत नाही. खांदे सोडते.
तो अंधारात पेन शोधतो.
बिलाची तारीख केव्हाच उलटून गेली आहे.